मोजणाऱ्याचे माप

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला, तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही सहाजण बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. पहाटेची वंदना, रविवारची श्रमदाने, भोजनगृहातील पंगती, सगळ्यांची उजळणी झाली. पण त्या सर्व आठवणींवर पुन्हा पुन्हा येऊन बसत होता तो साबणाच्या डब्याएवढा एक प्लॅस्टिकचा डबा. दहावीच्या वर्षी आम्ही तयार केलेला, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तपासणारा तो डबा प्रयोगशाळेच्या कपाटात अजून आहे असे कळले. त्याची हकीकत सांगावी असे ठरले. ती आमच्या यशाची नाही. आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची आहे.

त्या काळी आमच्या विज्ञान मंडळाचे सारे भांडवल भंगारात होते. बिघडलेले रेडिओ, जुने दूरदर्शन संच, बंद पडलेले चार्जर कोणी कोणी शाळेला देत. त्यांच्या बोर्डांवरून आम्ही रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर सोडवून घेत असू. परंतु सोडवलेला भाग जिवंत की मेलेला हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी तपासणीचे यंत्र हवे होते, आणि विकत घेण्याजोगी ऐपत नव्हती. शाळेतूनच शिकून आयटीआयला गेलेले एक दादा सुट्टीत भेटायला आले असता त्यांनी मार्ग सांगितला. जर्मनीतील मार्कुस फ्रेयेक यांनी अशा यंत्राची एक सोपी रचना करून ती सर्वांसाठी खुली केली होती; पुढे कार्ल-हाइंझ क्युब्बेलर यांनी ती वाढवली. तिचा मेंदू म्हणजे एटीमेगा जातीची एक छोटी चिप. भोवती तीन तपासछिद्रे, आणि प्रत्येक छिद्राला दोन रेझिस्टर : एक ६८० ओहमचा, दुसरा ४७० किलोओहमचा. छिद्रांत भाग खोचला की चिप वेगवेगळ्या बाजूंनी त्यातून वीज पाठवून पाहते आणि हा कोण, त्याचे मूल्य किती, हे पडद्यावर लिहून दाखवते. दादांनी त्या रचनेचा कार्यक्रम आमच्या गरजेपुरता आटोपशीर करून चिपमध्ये भरून दिला.

बाकीचे सामान आणायला आम्ही नव्या पेठेत गेलो. नवी पेठ म्हणजे सोलापूरची गजबज. कपड्यांची, चपलांची, मोबाईलची दुकाने ओलांडत, गर्दीतून एकमेकांच्या सदऱ्याला धरून आम्ही एका अरुंद दुकानापाशी पोहोचलो. भिंतभर लहान लहान खणांचे कप्पे आणि त्यांसमोर चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्क गृहस्थ. आमची यादी त्यांनी शांतपणे वाचली. ‘‘मोजायच्या यंत्रात एक टक्क्याचेच रेझिस्टर घाला,’’ असे सांगून त्यांनी निळ्या अंगाचे रेझिस्टर पुडीत बांधून दिले.

दोन रात्री आम्ही अभ्यासिकेतील पिवळ्या दिव्याखाली सोल्डर करत बसलो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात यंत्र मांडायचे होते, म्हणून घाई होती. मूळ रचनेत स्वपरीक्षेची सोय आहे : तिन्ही छिद्रे तारेने एकत्र जोडली की यंत्र आधी स्वतःचीच तपासणी करते, तिन्ही बाजूंचे रेझिस्टर परस्परांशी जुळतात की नाही ते पाहते. दादांनी ती करायला बजावून सांगितले होते. पडदा उजळला, पहिल्याच ट्रान्झिस्टरचे पाय यंत्राने बरोबर ओळखले, आणि आम्ही नाचलो. स्वपरीक्षा राहिली ती राहिलीच.

त्यानंतर आठवडाभर आमच्या हाती जणू न्यायदंड आला. दोन पत्र्याचे डबे मांडले. एकावर ‘चालू’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘बाद’. भाग खोचायचा, पडदा पाहायचा, डब्यात टाकायचा. वीज गेल्यावर वसतिगृहाच्या बोळात लागणाऱ्या एलईडी दिव्यांसाठी आम्ही त्याच दुकानातून एक किलोओहमचे शंभर रेझिस्टर आणले. त्यांवर सोनेरी पट्टा, म्हणजे पाच टक्क्यांची हमी. मूल्य ९५० ते १०५० ओहमच्या आत हवे. आमच्या यंत्राने पहिला दाखवला बाराशेच्या वर. दुसरा तसाच. दहा तपासले, दहाही तसेच. खरे सांगायचे तर एवढ्या फरकाने दिव्यांच्या उजेडात काही उणे पडले नसते. पण प्रश्न आता दिव्यांचा उरला नव्हता. आम्हाला फसवले गेले होते! वसतिगृहाची पोरे म्हणून टाकाऊ माल गळ्यात मारला, असा अर्थ आम्ही क्षणात लावला. तो लावायला आमच्या घरांतून ऐकलेल्या कहाण्या पुरेशा होत्या.

शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा नव्या पेठेत. दुकानात गिऱ्हाइके होती. त्यांच्यासमोर पुडी फळीवर टाकून आमच्यातला एक मोठ्याने म्हणाला, ‘‘काका, गरिबाच्या पोरांना बाद माल विकता?’’ आम्ही बाकीच्यांनी मान डोलावली. दुकान गप्प झाले. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. त्यांनी आपला मीटर काढला, पुडीतला एक रेझिस्टर उचलला आणि आकडा आमच्याकडे वळवला : ९९४. दुसरा : ९८९. तिसरा : १००२. मग आमचा डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढेच म्हणाले, ‘‘पोरांनो, यानं सगळ्यांना मोजताय. याला कुणी मोजलंय का?’’

परतीच्या बसमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. तरीही मन हार मानीत नव्हते. त्यांचाच मीटर बिघडलेला नसेल कशावरून? रात्री आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा मित्र यंत्र घेऊन एकटा बसला. त्याने एकच रेझिस्टर घेतला आणि जागा बदलत गेला. पहिल्या व दुसऱ्या छिद्रात : १२०७. दुसऱ्या व तिसऱ्यात : ९९५. तिसऱ्या व पहिल्यात : ९९४. वस्तू तीच, जागा बदलताच निकाल वेगळा! आम्ही सवयीने नेहमी पहिली जोडीच वापरत होतो, आणि त्या जोडीचे मापन पहिल्या छिद्राच्या रेझिस्टरवरून होत होते. सकाळच्या उन्हात भिंग लावून पाहिले. तिथे ६८० ऐवजी ५६० ओहमचा रेझिस्टर बसला होता. निळ्या अंगावरचे हिरवा-निळा आणि निळा-करडा हे पट्टे पिवळ्या दिव्याखाली आम्ही एकच वाचले होते. जवळ सुट्या सामानाची सरमिसळ होती. तो त्यातून आला होता, पुडीतून नव्हे. यंत्र मात्र निष्ठेने तिथे ६८० आहेत असे धरून हिशेब करीत होते. ६८० भागिले ५६०, म्हणजे सुमारे १.२१. प्रत्येक निर्दोष रेझिस्टरवर आमचा स्वतःचा दोष एकवीस टक्क्यांनी चढत होता.

अधीक्षक सरांना सारे सांगितले. ‘‘आम्ही खोटे बोललो नाही सर, आम्हाला ते खरेच वाटत होते,’’ असा आमचा बचाव. सर म्हणाले, ‘‘चौथे शील रोज म्हणता. खोटे बोलला नाहीत, मान्य. पण न तपासता बोललात, तेही चारचौघांत. त्या माणसाला दोहोंत काय फरक पडला?’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘ज्यांच्याविषयी ‘शिक्षण यांच्या वाट्याचे नाही’ असा निकाल पिढ्यान्‌पिढ्या न तपासता लागला, त्यांच्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली याच सोलापुरात वसतिगृह काढले. खोट्या मापाने मोजले जाणे म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.’’

पुढच्या शनिवारी आम्ही तिसऱ्यांदा नव्या पेठेत गेलो. आरोप गर्दीत केला होता, म्हणून क्षमाही गर्दीतच मागायची असे ठरवून गिऱ्हाइके असतानाच दुकानाची पायरी चढलो. काकांनी ऐकून घेतले आणि चहा मागवला. मग आमचा डबा उघडून त्यांनी स्वतः शंभर ओहम, एक किलोओहम व शंभर किलोओहम असे तीन रेझिस्टर आपल्या मीटरवर मोजले, प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर आकडा लिहिला आणि आम्हाला दिले. पैसे घेतले नाहीत. ‘‘हे वापरायचे नाहीत. हे साक्षीदार आहेत, जपून ठेवा,’’ असे म्हणाले.

त्या संध्याकाळी यंत्राचे अंशशोधन झाले. चुकीचा रेझिस्टर काढून योग्य तो बसवला. मग प्रथम तिन्ही छिद्रे एकत्र जोडली. मध्ये काहीच नसताना पडदा ०.३ ओहम दाखवीत होता. तो रोध आमच्या तारांचा. तो प्रत्येक मापातून वजा करायचा. नंतर छिद्रे मोकळी सोडली. हवेखेरीज काही नसताना काही पिकोफॅरडची धारकता दिसली. तीही आमचीच, तीही वजा. मगच तिन्ही साक्षीदार एकेक करून सर्व जोड्यांत फिरवले आणि आकडे वहीत लिहिले. कपॅसिटर आधी विसर्जित केल्याशिवाय छिद्रात घालायचा नाही, नाही तर त्यातील साठलेल्या विजेने चिप जळते, हा नियम पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला. आणि मग ‘बाद’चा डबा पुन्हा जमिनीवर ओतला. त्यातले कित्येक भाग चांगले निघाले. ते उचलताना कोणी काही बोलले नाही. गावाकडच्या शाळेतून ‘याला जमणार नाही’ असा शेरा घेऊन इथे आलेले आमच्यातही दोघे होते.

भन्तेजींनी ही गोष्ट ऐकली तेव्हा ते हसले. उपोसथाच्या दिवशी भिक्खुसंघ पातिमोक्खाचे पठण करतो, आणि त्यापूर्वी ज्याच्याकडून चूक झाली असेल तो ती कबूल करतो, हे त्यांनी समजावून सांगितले. ‘‘इतरांना उपदेश करणाऱ्यांनाही पंधरवड्याला स्वतःची तपासणी चुकत नाही. तुमच्या डब्याला का चुकावी?’’ तेव्हापासून दर पौर्णिमेला वंदनेनंतर यंत्राची स्वपरीक्षा घेण्याची प्रथा पडली. आमच्यानंतरच्या तुकड्यांनी ती पाळली; वहीतील अक्षरे बदलत गेलेली दिसतात, तीन साक्षीदारांचे आकडे मात्र जवळजवळ तेच आहेत.

आज आमच्यापैकी कोणी शिक्षक आहे, कोणी वीज मंडळात, कोणी बँकेत. दुसऱ्याविषयी निकाल देण्याची वेळ रोज येते : उत्तरपत्रिका, कर्जाचा अर्ज, हाताखालच्या माणसाची चूक, घरातल्या मुलाचे गुण. अशा वेळी नव्या पेठेतील तो प्रश्न ऐकू येतो. नेहमी ऐकू येतो असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. चौथ्या शीलाचा प्रश्न आहे. पण ज्या दिवशी येतो, त्या दिवशी आम्ही तीच वस्तू दुसऱ्या जोडीत घालून पाहतो.