ताटात उरलेलं

काल रात्री पुन्हा अर्धी भाकरी ताटात राहिली. दादर ज्वारीची होती, मायने थापलेली, एका बाजूला जराशी करपलेली, मला आवडते तशी. चार घास वरणात चुरून खाल्ले. पाचव्या घासाला छातीच्या मधोमध ती ओळखीची कळ आली आणि हात थांबला. मायने ताटाकडे पाहिलं. ‘इतलंसंच?’ एवढंच म्हणाली आणि उठली. ती जे बोलली नाही तेच मग रात्रभर माझ्या कानात राहिलं. लहानपणी शहाद्याच्या घरात जेवताना रोज ऐकलेलं: खाऊन माजावं, पण टाकून माजू नये.

पन्नाशी उलटेपर्यंत या म्हणीचा विचार करायची वेळ माझ्यावर आली नव्हती, कारण मी कधी काही टाकलंच नाही. आता आठ महिने रोज टाकते आहे.

म्हणीत दोन माज आहेत, एक खाण्याचा आणि एक टाकण्याचा. पहिला तिला चालतो. हे मला विलक्षण वाटतं. आपल्याकडे माज हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही. बैल माजतो, रेडा माजतो, पावसाळ्यात कपाशीत तण माजतं. तरीही म्हण सांगते की माजायचंच असेल तर खाऊन माज. म्हणजे एकशे बारा किलोची मी या म्हणीच्या हिशोबात गुन्हेगार नव्हतेच. धडगावच्या पाड्यांवर बायका माझ्या दंडाला हात लावून बघायच्या आणि आपसात काही बोलून हसायच्या. त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता, कौतुक होतं. हिच्या घरी खायला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

वजन उतरवायच्या ऑपरेशनआधी सुरतेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. स्लीव्ह म्हणजे जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढायचा. मागे उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. बायपास या दुसऱ्या प्रकारात पोटाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, पण कापलेलं पोट आतच राहतं. माझ्या बाबतीत ते बाहेर गेलं. त्याचं पुढे काय केलं हे मी विचारलं नाही. आता कधी कधी मध्यरात्री वाटतं, विचारायला हवं होतं. म्हणीने टाकण्याची जी धास्ती घातली ती अन्नाबद्दल होती. अन्न ठेवायची जागाच कुणी टाकून देईल, हे ती रचणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

त्या टाकलेल्या भागाबरोबर भूकही गेली. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जपानी संशोधकांना १९९९ साली सापडलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. पहिले तीन महिने मला भूक म्हणून काही जाणवलं नाही. घड्याळ बघून खायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, मग बाकीचं. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. ती मी अंड्याच्या पांढऱ्यात, पनीरमध्ये आणि मुगाच्या वरणात मोजत बसते. उरलेल्या आयुष्यभर बी-१२, लोह, कॅल्शियम. डिसेंबरात नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळून गाडी गेली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही खोकले, पण दरवर्षीसारखं तोंडाला पाणी सुटलं नाही. ते सुटायला हवं होतं, असं वाटून मला रडू आलं.

आणि माझं काम काय, तर दुसऱ्यांची भूक तपासणं. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत माझी सगळी नोकरी होत आली. झोळीच्या काट्याला पोर लटकवायचं, दंडाला पट्टी लावायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंडघेर आला तर पोर तीव्र कुपोषित, सॅम. मग त्याची भूक चाचणी. ठरावीक आहार समोर ठेवायचा आणि किती खातं ते बघायचं. खाल्लं, तर गावातच उपचार होऊ शकतो. खाल्लं नाही, तर ते मूल जास्त धोक्यात. त्याला दवाखान्यात, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराची भूक आधी मरते, हे मी कित्येक आयांना समजावलं आहे. ‘त्याला भूकच लागत नाही, बाई,’ असं त्या सांगायच्या आणि मला वाटायचं, या नीट भरवत नाहीत. आज ती चाचणी माझी घेतली तर मी नापास होईन. तरी मी त्या पोरांसारखी नाही. मी पैसे भरून, सही करून तिथे पोचले. ही तुलना मनात येते तेव्हा मी ती बाजूला सारते, आणि ती पुन्हा येते.

पाड्यांवर ही म्हण मी कधी ऐकली नाही. त्यांच्या बोलीत तिला काय म्हणतात तेही मी कधी विचारलं नाही. टाकून माजायचं तर आधी उरायला हवं. उरलेल्यावर जगणारे वेगळे होते आणि टाकणारे वेगळे होते. मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असं १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना सांगितलं, तेव्हा त्या टाकण्यामागचा सगळा हिशोब त्यांच्यासमोर असणार. भरल्या ताटावर बसलेल्याला म्हण फक्त सांगते की तू टाकू नकोस. टाकलेलं कोण उचलतं, हे ती सांगत नाही.

टाकलेलं उचलणारी गिधाडं मी पाहिली आहेत. आठ-दहा वर्षांची असेन. गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती. तिथे एक बैल पडला होता आणि त्याच्याभोवती इतकी गिधाडं की बैल दिसेना. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता, पण मला भीती नव्हती वाटली. ती भांडत होती, पंख पसरून एकमेकांना ढकलत होती, आणि संध्याकाळी परत आलो तेव्हा नुसता सांगाडा राहिला होता, धुतल्यासारखा. इतकं स्वच्छ खाणं मी नंतर कुठे पाहिलं नाही. काहीच टाकलं नव्हतं त्यांनी. नंतर कधीतरी ती दिसेनाशी झाली. कधी, ते मला सांगता येत नाही. नसलेल्या गोष्टीची तारीख कोण ठेवतं? पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशभरातून इतकी घटली की हजारातलं एखादंच उरलं. कारण २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं: डायक्लोफिनॅक. दुखऱ्या बैलाला, गाईला शेतकऱ्याने मायेपोटी टोचून घेतलेलं वेदनाशामक. जनावर मेलं, टाकलं गेलं, गिधाडाने खाल्लं, त्याच्या किडन्या बंद पडल्या आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसला. भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ साली. तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

ही गोष्ट मी या महिन्यात चार वेळा वाचली. कारण ते औषध माझ्या पर्समध्ये आहे.

धडगावच्या घाटाने माझे गुडघे पंधरा वर्षांपूर्वीच खाल्ले. तेव्हापासून डायक्लोफिनॅकची पट्टी पर्समध्ये असायचीच. आता डॉक्टर म्हणतात पॅरासिटामॉल घ्या, या गोळ्या शक्यतो नकोत. जठराच्या अस्तराला जपणारी द्रव्यं शरीरात तयार होतात, तीच या गोळ्या अडवतात. बायपासवाल्यांना तर कडक मनाई असते, कारण पोट आतड्याला जोडलेल्या सांध्यावर अल्सर होतो. स्लीव्हवाल्यांबद्दल डॉक्टरांचं एकमत नाही. माझ्या पोटात पाणीही एका वेळी थोडंच जातं, आणि पाणी कमी असताना या गोळ्या किडनीलाही जड. वजन अठ्ठावीस किलो उतरलं तरी गुडघे ठणकतातच. पॅरासिटामॉलने दुखणं थोडं मागे सरकतं, जात नाही. कधी वाटतं, एकच घेऊन बघावी. मग तो बैल आठवतो. तुलना चुकीची आहे, माणसाची किडनी गिधाडाची नव्हे, हे मला कळतं. तरी गोळी हातातून परत पट्टीत जाते.

मागच्या मंगळवारी एका पाड्यावर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. गुडघ्याला हात लावून म्हणाली, ‘ती गोळी दे ना, बाई.’ पूर्वी मी तिला कित्येकदा दिली होती. या वेळी विचारलं, जेवलीस का? रिकाम्या पोटी ही गोळी घ्यायची नसते. तिने उलट मलाच विचारलं, ‘तू जेवलीस?’ सकाळपासून माझे दोन घास झाले होते. मी तिला पॅरासिटामॉल दिली. इतकी वर्षं मी तिला दुसरी गोळी देत होते आणि तिने काय खाल्लं हे एकदाही विचारलं नव्हतं, हे परतताना घाटात लक्षात आलं. पट्टीत सात गोळ्या उरल्या आहेत. कुणाला देववत नाहीत. घरामागच्या उकिरड्यावर टाकाव्यात, तर तिथे गाई चरतात.

आज सकाळी माय ओट्याजवळ बसून कालची अर्धी भाकरी ताकात कुस्करून खात होती. मी भाकरीचा डबा उघडला. रिकामा. पूर्वी रात्री चार भाकऱ्या व्हायच्या, तीन माझ्या, एक तिची. हल्ली ती एकच थापते. कधीपासून, मला माहीत नाही. आठ महिने मी फक्त माझं ताट मोजत होते. मी विचारलं, मग तू रात्री काय खातेस?

तिने वर न बघता उत्तर दिलं, ‘माले भूकच लागत नही.’