चालत्या कामाची विचारपूस

संगणकविज्ञानावरील एका मराठी पुस्तिकेची भाषा तपासण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले. विषय माझा नसल्यामुळे केवळ वाक्यरचना पाहीन, असे मी आधीच सांगितले होते. पण त्यातील एका प्रश्नापाशी रेंगाळलो: चालू असलेला थ्रेड नेमके काय करतो आहे, हे त्याच्या कामात विघ्न न आणता कसे पाहायचे?

एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू असतात. त्यांतील प्रत्येक कामाचा स्वतंत्र प्रवाह म्हणजे थ्रेड. दोघांनी एकाच माहितीत एकदम ढवळाढवळ करू नये म्हणून तिला कुलूप असते. किल्ली ज्याच्याकडे तो काम करतो, बाकीचे खोळंबतात. जावा या भाषेत थ्रेडला आहे तिथेच थोपवण्यासाठी ‘सस्पेंड’ ही सोय होती. मात्र थोपवलेला थ्रेड हातातील किल्ली सोडत नाही. त्याला पुन्हा चालू करणाऱ्यालाच ती किल्ली हवी असेल, तर दोघेही कायमचे अडकतात. म्हणून १९९८ साली आलेल्या जावा १.२ मध्ये ही सोय वापरू नये असे सांगण्यात आले, आणि २०२३ च्या जावा २० पासून ती निकामीच केली गेली.

सुरक्षित मार्ग वेगळा आहे. ‘जेस्टॅक’सारख्या साधनाने जावाच्या यंत्रणेलाच विनंती करायची. यंत्रणा खूण करते. चालता थ्रेड आपल्या कामातील सुरक्षित टप्प्यावर पोचला की स्वतःच थांबतो. कोण कोणत्या ओळीवर आहे, कोणाकडे कोणते कुलूप आहे, कोण कशाची वाट पाहतो आहे, याची नोंद होते आणि सारे पुन्हा चालू लागतात. किल्ल्या याही वेळी थ्रेडच्याच हाती असतात. पण विचारणाऱ्या यंत्रणेचे काम त्या किल्ल्यांवाचून अडत नाही.

अर्थात एक नोंद म्हणजे एकच छायाचित्र. थ्रेड अडकला आहे की नुकताच तेथे पोचला आहे, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून काही सेकंदांच्या अंतराने तीन-चार नोंदी घेऊन त्या ताडून पाहतात. शिवाय काही दोष पाहू लागताच नाहीसे होतात. जिम ग्रे यांनी १९८५ मधील आपल्या लेखात अशांना ‘हायझेनबग’ म्हटले आहे.

माणूस म्हणजे थ्रेड नव्हे. तरीही हे वाचताना मला माझी एक संशोधक विद्यार्थिनी आठवत राहिली. आत्मकथनांवरील तिच्या प्रबंधाचे एक प्रकरण वर्षभर पुढे सरकत नव्हते. समितीला सहामाही अहवाल हवा असे. अर्धे लिखाण मागितले की तिचा हात थांबे. माझ्या अभिप्रायासाठी ती थांबलेली, तिच्या मसुद्यासाठी मी. शेवटी असे ठरले की एखादा उपविभाग हातावेगळा झाला की तिनेच चार ओळी लिहून पाठवायच्या: कोठे आहे, कशासाठी थांबली आहे. तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. अडचण संदर्भग्रंथांची नव्हतीच. त्या प्रकरणात तिला स्वतःच्या घरची हकीकत लिहायची होती आणि आईचा होकार आलेला नव्हता.

तो होकार मिळवून देणे माझ्या हाती नव्हते. मुदत वाढवून मागणे तेवढे होते, ते केले.