बाथ, डॉलर आणि आपला रुपया : बँकॉकच्या वाटेवरचा हिशेब

परदेशगमन ही आता केवळ साहेब लोकांची मिरास राहिलेली नाही. गिरणी कामगाराची, शिपायाची, परिचारिकेची मुले आज आपल्या आई-वडिलांना विमानात बसवतात आणि नेपाळ, श्रीलंका, थायलंड येथील बुद्धस्थळे दाखवून आणतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पैसा परदेशात न्यायचा कसा, या एका प्रश्नावर बरीच मंडळी अडखळतात आणि जो पहिला भेटेल त्याच्या हवाली पैसे करतात. २०२५ च्या जानेवारीत आम्ही आमच्या वसाहतीतील अकरा जण बँकॉक व अयुथया पाहून आलो. तेथील विहारांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्ही येथे वाटेतल्या पैशाविषयी लिहिणार आहोत.

आमच्यात नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या सफाई कामगार मावशी होत्या, दोन शिक्षक होते, एक तरुण इंजिनियर होता, बाकी सारे कारकुनी पेशातले. विमान आणि हॉटेल यांचे पैसे अगोदरच भरले होते. वरखर्चाला माणशी दहा हजार बाथ लागतील असा अंदाज होता. बाथ हे थायलंडचे चलन. त्या दिवसांत एक बाथ म्हणजे साधारण अडीच रुपये, म्हणजे माणशी पंचवीस हजार रुपये झाले. मावशींनी ही रक्कम भिशीतून आणि पेन्शनमधून दोन वर्षे साठवली होती. तेव्हा त्यातला एक रुपयाही दलालाच्या घशात जाता कामा नये, असे आम्ही ठरवले.

बाबासाहेबांचा १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ रुपया आणि त्याची हुंडणावळ याच विषयावरचा आहे. तो सगळा वाचायला अर्थशास्त्र यावे लागते हे खरे. पण हुंडणावळ म्हणजे एका देशाचा पैसा देऊन दुसऱ्या देशाचा घेण्याचा भाव, आणि त्या भावातच कोणाची तरी कमाई दडलेली असते, एवढे तरी प्रत्येकाला कळले पाहिजे. थायलंडच्या लोकांनी तर हुंडणावळीचा फटका सोसला आहे. २ जुलै १९९७ रोजी तेथील सरकारने बाथ मोकळा सोडला. तोवर २५ बाथांना मिळणारा डॉलर १९९८ च्या जानेवारीत ५० बाथांच्या पुढे गेला. त्या संकटात कारखाने बंद पडले आणि कामगार घरी बसले.

आता आमचा हिशेब. आमच्या शहरातल्या एका ओळखीच्या एजंटाने सांगितले, “बाथ मीच देतो, पावती-बिवती कशाला?” भाव २ रुपये ८० पैसे. विदेशी चलनाची खरेदी-विक्री १९९९ च्या फेमा कायद्यानुसार अधिकृत विक्रेत्याकडेच करायची असते, म्हणून त्याला आम्ही नमस्कार केला. दुसऱ्या, परवाना असलेल्या दुकानात बाथाचा भाव २ रुपये ७० पैसे होता. म्हणजे दहा हजार बाथांना २७ हजार रुपये. दोन हजार रुपये निव्वळ जादा. बाथाला आपल्याकडे गिऱ्हाईक थोडे, म्हणून भावातली तफावत मोठी. डॉलरचा खप जास्त, त्यामुळे तेथे तफावत कमी. म्हणून मावशींसह सात जणांनी बँकेतून प्रत्येकी ३०० डॉलर घेतले. भाव ८७ रुपये ६० पैसे. वर जीएसटी लागला. तो सगळ्या रकमेवर नसतो, एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्का मूल्य धरून त्यावर १८ टक्के असतो. आम्हाला तो माणशी ४७ रुपये पडला. एकूण २६,३२७ रुपये झाले. पावती हाती आली तेव्हा मावशींनी विचारले, “दादा, हिच्यावर माझंच नाव आहे ना?” आम्ही वाचून दाखवले. ती पावती त्यांनी पासपोर्टच्या घडीत ठेवली.

मुंबईहून साडेचार तासांत बँकॉक येते. विमानतळाचे नावच सुवर्णभूमी. बाहेर पडताच बँकांच्या खिडक्या ओळीने दिसतात आणि थकलेला माणूस पहिल्याच खिडकीशी उभा राहतो. तेथे एका डॉलरला ३३ बाथ असा भाव लिहिलेला होता. आम्ही सामान घेऊन सरळ तळमजल्याखालच्या रेल्वे स्थानकाकडे गेलो. शहरात जाणारी गाडी तेथून सुटते, आणि त्या फलाटाच्या वाटेवर सुपररिच व इतर चलन बदलणाऱ्या पेढ्या आहेत. तेथे भाव ३४ बाथ ३० सतांग. (बाथाचे १०० सतांग होतात.) ३०० डॉलरवर ३९० बाथांचा, म्हणजे जवळजवळ पावणेदहाशे रुपयांचा फरक एका जिन्यावर पडला! शंभराच्या कोऱ्या नोटेला भाव जास्त आणि एक, पाच, दहाच्या नोटांना कमी, हेही तेथे दिसले. पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रत्येकाला १०,२९० बाथ मिळाले. म्हणजे दहा हजार बाथ साधारण २५,६०० रुपयांना पडले. खर्च सहाशेच्या आत. आपल्या रुपयाच्या नोटाही तेथे घेतात, पण भाव पडका.

आमचा इंजिनियर मित्र म्हणाला, “एवढी रोकड कशाला वागवायची? कार्ड आहे ना!” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, रोकड हरवली की गेली. पण थायलंडमधले एटीएम परदेशी कार्डावर तेव्हा दर वेळी २२० बाथ शुल्क कापत होते, म्हणजे ५५० रुपये. मग दोन हजार काढा की वीस हजार. त्याच्या बँकेची विनिमय-आकारणी साडेतीन टक्के, दर वेळचे १२५ रुपये निराळे, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. दहा हजार बाथ एकदम काढले असते तर साडेसतराशे रुपये जादा गेले असते. त्याने दोन-दोन हजार असे पाच वेळा काढले. आम्ही कागदावर बेरीज केली तेव्हा जादा रक्कम साडेचार हजारांच्या वर गेली.

याउलट एका शिक्षकांच्या मुलीने त्यांना विनिमय-आकारणी नसलेले कार्ड काढून दिले होते. त्यांना केवळ त्या २२० बाथांचा भुर्दंड. त्यांनी सोबत्यासाठीही मिळून वीस हजार बाथ एकदम काढले आणि शुल्क वाटून घेतले. माणशी २७५ रुपये! रोख डॉलरपेक्षाही हे स्वस्त पडले. मात्र भारतातल्या कार्डांवर परदेशातला वापर २०२० पासून मुळात बंद असतो. निघण्यापूर्वी तो बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यावा. आणि क्रेडिट कार्डावर रोख काढू नये, त्यावर त्याच दिवसापासून व्याज चढते.

आणखी एक फसवी पाटी. एटीएम किंवा दुकानातले यंत्र मोठ्या आपुलकीने विचारते, रक्कम रुपयांत कापू का? आपल्या माणसाला रुपया ओळखीचा वाटतो आणि तो ‘हो’ म्हणतो. तो भाव त्या यंत्रवाल्याने ठरवलेला असतो, आपल्या बँकेचा नव्हे, आणि तो बहुधा महागच पडतो. नेहमी बाथ हाच पर्याय निवडावा.

रोकड मात्र हवीच. चाओ फ्राया नदीवरची बोट, अयुथयाला जाणाऱ्या गाडीचा तिसरा वर्ग, रस्त्यावरचा भात, हे सगळे सुट्या पैशांवर चालते. स्थानिक लोक मोबाईलवर पैसे देतात, पण ती सोय तेथील बँक खात्याची. राजवाड्याचे तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ, वाट फो विहाराचे ३००. अयुथया हे १३५० साली वसलेले राजधानीचे शहर १७६७ साली बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केले. तेथे वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेले तथागतांचे शिर पाहताना आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही.

थायलंडची जुनी नाणी हाताळण्यासारखी आहेत. दहा बाथांच्या नाण्यावर वाट अरुण विहार आहे, पाचाच्या नाण्यावर वाट बेंचामाबोफित. परतताना नाणी कोणी बदलून देत नाही. वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धमूर्तीमागे १०८ काशाची भांडी ओळीने ठेवली आहेत, त्यांत लोक एकेक नाणे टाकत जातात. शेवटच्या दिवशी उरलेला खुर्दा आम्ही तेथेच दिला. देखभालीला उपयोगी पडतो. उरलेल्या नोटा मात्र शहरातल्या पेढीत डॉलर करून आणल्या. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यापुढच्या १८० दिवसांत बँकेला परत कराव्या लागतात.

सारांश काय? विनिमय-आकारणी नसलेले कार्ड असेल तर दोघातिघांनी मिळून मोठी रक्कम एकदाच काढावी. तसे कार्ड नसेल तर बँकेतून पावतीने शंभराचे डॉलर घ्यावेत आणि शहरातल्या पेढीत बदलावेत. सगळा पैसा एका खिशात ठेवू नये. थोडी रोकड, एक कार्ड, असे दोन ठिकाणी असावे. साध्या डेबिट कार्डावर थोडे थोडे काढत बसणे सर्वांत महाग.

मावशींच्या हाती प्रवासाअंती १,४०० बाथ उरले. त्यांचे डॉलर करून त्यांनी ते पेटीत ठेवले आहेत. “पुढच्या खेपेला श्रीलंका,” असे त्या म्हणतात. तेथल्या दुकानांत २०२४ पासून आपल्या यूपीआयने पैसे देता येतात, हे आम्ही त्यांना सांगितले आहे. नातवाकडून त्या मोबाईलवर पैसे पाठवायला शिकत आहेत.