डबल क्लच

ट्रक म्हणजे थोराड मोटार, हा माझा समज खंबाटकीच्या चढावर मोडला. जुन्या ट्रकचा चौथा गिअर काढून तिसरा टाकायला गेलो, तर गिअरबॉक्स करकर ओरडला. ना चौथा, ना तिसरा! माल भरलेला ट्रक मागे सरकू लागला.

"ब्रेक!" वस्ताद गरजले. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, जरा रेस द्या, पुन्हा क्लच, मग तिसरा. दात्यांचा वेग जुळल्याशिवाय गिअर आत घेत नाही."

"आणि उतारावर?"

"उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर ब्रेक तापून दगा देतात."

पन्नाशीनंतर हा सल्ला मला जरा उशिराच मिळाला म्हणायचा!