फडाचा इतिहास मुलांनी लिहावा

साक्री

चि. भाचीस,

तुझं पत्र मिळालं. नातू जर्मनीतल्या हाले शहरातल्या ‘लातिना’ शाळेत जाऊ लागला, हे वाचून फार बरं वाटलं. खाऱ्या झऱ्यांच्या मिठावर वाढलेलं ते गाव, आणि आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस अनाथ मुलांसाठी काढलेल्या संस्थेतून उभी राहिलेली ती शाळा. आपल्या देशाशी तिचं जुनं नातं आहे. फ्रांके यांच्याकडे शिकलेला धर्मप्रसारक त्सिगेनबाल्ग १७०६ साली तरंगंबाडीला उतरला आणि तमिळ शिकला. तिथून गेलेली तमिळ ताडपत्रं आजही त्या संस्थेच्या संग्रहात आहेत. नातवाला ती नक्की दाखव.

तिकडच्या शाळांची एक जुनी रीत मला फार मोलाची वाटते. प्रशियात १८२४ पासून गिम्नाझियम शाळांना वर्षाचा अहवाल छापावा लागे आणि त्यात एखाद्या शिक्षकाचा अभ्यासपूर्ण लेख असे. कित्येकांनी त्यातून आपल्याच गावाचा इतिहास लिहिला. शिकवणारा माणूस गावाचा इतिहासकारही असायचा.

आपल्या खानदेशाला हे परकं नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. अमळनेरला साने गुरुजींनी १९२४ ते १९३० शाळेत शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवलं. छापखाना नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

मग साक्रीच्या मुलांनी काय लिहावं? भामेरचा किल्ला आहे, बळसाण्याची जुनी देवळं आहेत. पण त्यांच्यावर लिहिणारे पुढेही भेटतील. माझा जीव अडकलाय तो पांझरेच्या फडात. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालचं थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक: एकात ऊस, तर दुसऱ्यात धान्य. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर पंच. कुणाची जमीन कितीही असो, पाण्याची पाळी ठरलेली. पाणी कमी पडलं तर एखादा फड त्या वर्षी पडीक ठेवायचा, आणि तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. कारण प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन सगळ्या फडांत असे! सरकारी कालवे नव्हते तेव्हापासून शेकडो वर्षं लोकांनी हे चालवलं. पुढे विहिरी वाढल्या, वरच्या अंगाला धरणं झाली, आणि बरेच बंधारे ओस पडले.

हा इतिहास कागदापेक्षा म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त आहे, तोही अहिराणीत. आठवी-नववीच्या पोरांना त्यांच्या बोलीतच तो टिपून घेता येईल. त्यासाठी वेगळा निधी नको, एक वही आणि एक शिक्षक पुरे. मी इथल्या शिक्षकांशी बोलायला लागलो आहे. परीक्षेत याचे गुण किती, असं काहीजण विचारतात. त्यांचाही नाइलाज असतो, पण पाटकऱ्याचं काम केलेला माणूस गेला की ते ज्ञान मागाहून कुठून आणायचं?

म्हणून तुझ्याकडे एक मागणं. नातवाच्या इतिहासाच्या शिक्षकांना भेट. गावातल्या वृद्धांशी बोलायला मुलांना पाठवताना ते कोणते प्रश्न देतात, उत्तरं कशी तपासतात आणि वह्या पुढे कुठे ठेवतात, एवढं विचारून मराठीत सविस्तर लिहून पाठव. दिवाळीच्या सुट्टीआधी मिळालं तर मुलांना सुट्टीतच कामाला लावता येईल.

तुझा,
मामा