जाल अझ-झोरची थंडी

डिसेंबर लागला की कुवेतचं आकाश निवळतं. उन्हाळ्यात पन्नाशीला टेकणारा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि मला सबाह अल-अहमद राखीव क्षेत्राचे वेध लागतात. पूर्वीचं हे राष्ट्रीय उद्यान १९९० च्या इराकी आक्रमणात उद्ध्वस्त झालं होतं. कुंपणाआड राखल्यावर ते पुन्हा सावरलं. आधी परवानगीचा अर्ज, मग बाकी तयारी. तिथल्या जाल अझ-झोरच्या कड्यावर फोटोसाठी सकाळचं तिरपं ऊनच हवं. अर्फजच्या करड्या झुडपाआडून तुरेवाला चंडोल उठतो, त्याचा तुरा त्याच उजेडात उठून दिसतो. चारशे मिलिमीटरची लेन्स घरूनच लावून न्यायची, वाळूत बदलायची नाही. गरुड दिसला तरी गाडी त्याच्यामागे पळवू नका. मध्य आशियातून थकून आलेल्या पाखराला विसावा द्या, फोटो दुरूनच काढा.