क्रमशः

गेल्या शनिवारी दुपारी आमचं कन्यारत्न मोबाईलमध्ये डोकं खुपसून चक्क रडत होतं. दहावीचं वर्ष, त्यामुळे आधी माझ्याच पोटात गोळा आला. मार्क? मैत्रिणीशी भांडण? की आणखी काही, जे बापाला सर्वांत शेवटी कळतं?

"बाबा, पुढे नाहीच आहे."

"काय पुढे नाही?"

"गोष्ट. ती बाई लिहायचीच थांबली."

तर भानगड अशी, की 'नाना' नावाची एक जपानी चित्रकथा आहे. एकाच नावाच्या दोन मुली टोकियोला जाणाऱ्या गाडीत शेजारी शेजारी बसतात. एक प्रियकराकडे निघालेली, दुसरी गायिका व्हायला. पुढे दोघी एकाच घरात भाड्याने राहतात, मग प्रेमं, रुसवे, बँड, लफडी, सगळं यथासांग. आइ याझावा या बाईंनी ही कथा २००० सालापासून 'कुकी' नावाच्या मासिकात चालवली. २००९ साली त्या आजारी पडल्या आणि गोष्ट जिथे होती तिथे थांबली. २१ खंड झाले, बाविसावा आलाच नाही. म्हणजे माझी मुलगी जन्माला यायच्या आधी थांबलेली गोष्ट, आणि ही आज तिच्यासाठी रडतेय.

मी हसणार होतो. पण हसलो नाही, कारण या बाबतीत माझे हात स्वच्छ नाहीत.

जपानच्या या मुलींच्या मासिकांशी माझी तोंडओळख जुनी आहे. २००४ साली कंपनीने कावासाकीला आठ महिने ऑनसाईट पाठवलं होतं. रोज रात्री घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात शिरायचो (शाकाहारी काय मिळतं याचा शोध, तो वेगळाच विषय), तिथे मासिकांच्या रॅकवर टेलिफोन डिरेक्टरीएवढे जाड अंक असत. हलका कागद, कव्हरावर ताटलीएवढ्या डोळ्यांची मुलगी, आणि अंकाला दोरीने बांधलेली काहीतरी फुकट वस्तू. आमच्या टीममध्ये टेस्टिंगला माझ्याच वयाची एक बाई होती. तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळा पट समजावला. शाळकरी मुलींसाठी 'नाकायोशी' आणि 'रिबॉन', ही दोन्ही १९५४-५५ पासूनची. जरा मोठ्या झालात की 'मार्गारेट'. आणखी मोठ्या झालात की 'कुकी'. एकेका अंकात डझनभर तरी मालिका, प्रत्येकीची तीसचाळीस पानं, आणि नेमकं तो तिचा हात धरणार तिथे पान संपणार. अंकात एक कार्ड असतं. त्यावर कुठली गोष्ट आवडली ते लिहून पाठवायचं. मतं कमी पडली की मालिका गुंडाळली. आपल्या भाषेत सांगायचं तर दर महिन्याला रिलीज आणि दर महिन्याला युजर फीडबॅक, तोही जीवघेणा. १९९४ साली एकट्या 'रिबॉन'चा खप सुमारे साडेपंचवीस लाखांवर गेला होता.

ती लहान असताना तिने आणि मैत्रिणीने वाटणी केली होती. हिने 'रिबॉन' घ्यायचा, तिने 'नाकायोशी', आणि वाचून अदलाबदल. "भांडण झालं की अर्ध्या गोष्टी बंद," ती म्हणाली, "म्हणून आम्ही फार दिवस भांडत नव्हतो."

हे ऐकलं आणि मला कावासाकीच्या त्या कँटीनमध्ये कापडे आठवलं.

कापडे कुठे आहे हे विचारणाऱ्यांना दोष नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता धरलात की आंबेनळी घाटाच्या अलीकडे लागतं. तुम्ही स्ट्रॉबेरीच्या विचारात असता, त्यामुळे दिसत नाही. आम्ही महाडला राहायचो, वडील एका कचेरीत कारकून. मे महिना आणि गणपती मात्र कापड्याला, काकीकडे. काका गिरणीत होते. त्या पट्ट्यात तेव्हा हे वेगळं सांगावं लागत नसे. पुरुष मुंबईला, बायका, म्हातारी आणि पोरं गावाला. भातशेती बायकांच्या अंगावर, आणि महिन्याला मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काका आधी गावी आले, एक पावसाळा राहिले, आणि "गिरणी उघडायची बोलणी चाललीत" म्हणून परत गेले. मग मनीऑर्डर थांबली. मग पत्रं. ते भिवंडीत मागावर आहेत असं कुणी सांगे, कुणी आणखी काही सांगे. काकी दोघांनाही चहा पाजायची आणि पुढे विचारायची नाही.

आता मासिकांचं. माझी आई महाडच्या एका वाचनालयाची सभासद होती आणि शिवाय रद्दीतून जुने अंक किलोवर आणायची. मराठी घरांत तेव्हा ही एक वेगळीच दुनिया होती. 'स्त्री' तर १९३० पासूनचं, किर्लोस्करांचं. 'मेनका' बेहेऱ्यांनी पुण्यात १९६० साली काढलं, त्याचंच भावंड 'माहेर'. योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे ही नावं ज्यांच्या आयांना ठाऊक नाहीत त्यांनी हात वर करा. यातल्या क्षेत्रमाडे स्वतः डॉक्टर होत्या, आणि रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर तर डॉक्टर, कादंबरीकार आणि आमदार! आमच्याकडे एखाद्या बाईने प्रेमकथा लिहिली की तिला फावला वेळ आहे असं समजायची पद्धत आहे, म्हणून सांगितलं. सगळंच काही सोवळं होतं असंही नाही. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. त्यामुळे आई काही अंक गादीखाली ठेवायची. अर्थात गादी कुणाची घालायची असायची? माझी.

जपानात हेच साहित्य लिहिणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं ते बघा. रियोको इकेदांची फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'व्हर्सायचा गुलाब' १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट'मध्ये आली आणि १९७४ मध्ये रंगभूमीवर गेली. मोतो हागियोंना २०१९ साली जपान सरकारने सांस्कृतिक योगदानासाठी गौरवलं. आपल्याकडे या लेखिकांना एक शब्द बहाल झाला, 'बायकी'. लायब्ररीत त्यांच्या कादंबऱ्यांच्या बाइंडिंगचे टाके तुटेपर्यंत मागणी, आणि समीक्षेत उल्लेख शोधावा लागतो. मला त्यातलं सगळं ग्रेट वाटतं असं नाही. नायक हटकून उंच, सावळा आणि मिस्कील. नायिका हटकून मानी. पण टाके उगीच तुटत नाहीत. असो.

तर मे महिन्यात मी हे अंक पिशवीत भरून कापड्याला न्यायचो. पाच-सहा महिन्यांचे एकदम, मधले एक-दोन हरवलेले, कव्हरं फाटलेली. दुपारी जेवणं आटोपली की ओटीवर काकी, थोरली चुलती आणि शेजारच्या दोघी जमायच्या. कुणी फणसाच्या आठळ्या सोलतंय, कुणी तांदूळ निवडतंय. काकी चौथी शिकलेली, अक्षरं जुळवून वाचायची, पण त्या वेगाने प्रेम पुढे सरकत नाही. म्हणून वाचायला मी. सहावी-सातवीतला पोरगा "त्याच्या उष्ण श्वासांनी ती मोहरली" छापाची वाक्यं मोठ्याने वाचतोय आणि चार बायका गंभीरपणे ऐकताहेत, हे चित्र आज डोळ्यांपुढे आणलं तरी कान गरम होतात. अवघड शब्द आला की मी खोकायचो. "खोकलास तिथं काय व्हतं?" काकी हमखास विचारायची.

त्या बायकांचा अभिप्राय ऐकण्यासारखा असे. कादंबरीतली जोडपी सारखी महाबळेश्वरला जायची. मला वाटे, म्हणजे आपल्या दारावरून जात असणार. काकी म्हणाली, "नाय रे बाबू. ही पुन्याची. ती वाईवरनं जातात. हितं कशाला येतील." आणि नायिका रुसून माहेरी निघाली की थोरली चुलती विचारायची, "मंग गुरांचं कोण बघतंय?" पण शेवटी 'क्रमशः' आलं की सगळ्या गप्प. त्यांना थांबायचं कसं ते शिकवायची गरज नव्हती. पुढचा अंक पुढच्या सुट्टीत येणार, आणि येईल ते कुणाच्या तरी पिशवीतून, एस.टी.ने. घरचा माणूस येतो तसाच.

१९८८ चा मे. मी सातवीची परीक्षा दिलेली. त्या खेपेला एक कादंबरी संपायला आली होती. पुण्यातली शिक्षिका, तिचा नवरा नोकरीसाठी आफ्रिकेत गेलेला, आधी पत्रं येतात, मग येत नाहीत. घरमालकाचा भाचा सज्जन आहे आणि जास्तच चौकशी करतो. शेवटून दुसरा भाग संपतो तेव्हा रात्री दाराची कडी वाजते. क्रमशः. शेवटचा भाग पुढच्या अंकात, आणि तो अंक माझ्याकडे नव्हता. हरवला नव्हता. परीक्षा संपल्यावर चार-पाच अंक मीच रद्दीवाल्याला घालून रबरी चेंडू घेतला होता, त्यात तो गेला होता. ते मला ओटीवर बसल्यावर, पिशवीत हात घातल्यावर कळलं.

काकीने आठळ्यांची परात बाजूला सरकवली होती. ती कधीच काम सोडून ऐकत नसे.

मग मी हाताला लागला तो अंक उघडला. विणकामाचं पान होतं, स्वेटर घातलेल्या गुबगुबीत बाळाचा फोटो. ते पान छातीशी धरलं आणि वाचायला लागलो. दार उघडतं. बाहेर धो धो पाऊस. तो उभा आहे. हातात काळी छत्री. तो म्हणतो, मला उशीर झाला. ती काहीच बोलत नाही. आत जाते आणि चहाचं आधण ठेवते, दोन कप. समाप्त.

एवढंच. मला त्याहून जास्त सुचलं नाही. उष्ण श्वास वगैरे स्वतःच्या तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती.

कुणी काही बोललं नाही. थोरली चुलती म्हणाली, "आला म्हणजे झालं." काकी थोड्या वेळाने म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. दुसऱ्या वेळी मी छत्री विसरलो. काकी म्हणाली, "छत्री ऱ्हायली," आणि परात पुढे ओढली.

हे सगळं परवा मुलीला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "मग खरा शेवट काय होता?"

मला माहीत नाही. आज कादंबरीचं नाव आठवत नाही, लेखिकेचंही. आईने राहिलेले अंक ट्रंकेत जपून ठेवले होते, पण मी मनावर घेतलं नाही. कॉलेज, पुणे, नोकरी, नेहमीचंच. पुढे २२ जुलै २०२१ ला महाडला पूर आला, आमच्या जुन्या घरात डोक्याएवढं पाणी होतं. उतरल्यावर आम्ही भाऊ चिखल काढायला गेलो तेव्हा ट्रंकेत कागदाचा एकच ठोकळा झाला होता, मातीसकट. फावड्याने बाहेर काढला. शोधायला आता धागासुद्धा नाही. कुठल्या तरी वाचनालयात असेल तो अंक. नसेलही.

दुसरा प्रश्न, "आणि काकीआजीला कळलं नाही?"

१९९१ चा जून. दहावीचा निकाल यायचा होता, म्हणून मी कापड्यालाच होतो. पाऊस नुकता लागला होता. संध्याकाळची गाडी थांबली आणि काका उतरले. डोक्यावर पत्र्याची पेटी, नखशिखांत भिजलेले, दाढी पांढरी. नऊ वर्षांनी. ओटीवर पेटी ठेवली आणि उभेच राहिले. शेजारच्या दोघी दारात येऊन थबकल्या. काका काहीतरी पुटपुटले, गाडी पोलादपूरला खोळंबली होती असं काहीतरी. काकीने त्यांना टॉवेल दिला आणि आत गेली.

मी तिच्या मागोमाग आत गेलो. लाकडं दमट होती, धूर फार झाला होता. ती चुलीपुढे वाकून फुंकणीने फुंकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या गोष्टीत त्याच्याकडं छत्री व्हती."

मग म्हणाली, "साखर काढ. डबा वर हाय."